शाकाहारी झालेल्या गांधीलमाश्या

मधमाशी आणि गांधीलमाशी यांच्यातील फरक सांगताना मुलांसाठी लिहिलेली पुस्तके बहुधा दोन रकान्यांचा तक्ता देतात: मधमाशी केसाळ आणि जाडसर, गांधीलमाशी गुळगुळीत आणि बारीक कमरेची, मधमाशीचे घर मेणाचे, गांधीलमाशीचे कागदाचे, मधमाशी एकदाच डंख मारते, गांधीलमाशी पुन्हा पुन्हा. हा तक्ता चुकीचा नाही, परंतु जितक्या लवकर पाठ होतो तितक्याच लवकर विसरलाही जातो, कारण हे सारे फरक एकमेकांशी कशाने बांधलेले आहेत ते त्यात कोठेच सांगितलेले नसते. ते बांधणारे सूत्र एका साध्या प्रश्नात सापडते: अळीला काय भरवले जाते? मधमाशीची अळी फुलांतील पराग आणि मकरंद यांवर वाढते, गांधीलमाशीची अळी मांसावर वाढते. आणि शरीराची ठेवण, घराचे साहित्य, साठवणीची रीत, एवढेच काय पण नांगीचा उपयोगसुद्धा पुष्कळ अंशी या एका फरकातून निघालेला आहे.

मधमाश्या, भुंगे, गांधीलमाश्या, कुंभारणी आणि मुंग्या हे सर्व कीटक हायमेनॉप्टेरा या एकाच गणातले, म्हणजे पातळ पडद्यासारखे दोन जोड्या पंख असणाऱ्या कीटकांच्या मोठ्या समूहातले आहेत. (कामकरी मुंग्यांना पंख नसतात, परंतु पावसाळ्याच्या तोंडाशी वारुळातून उडणाऱ्या राण्या आणि नर पाहिले की हे नाते पटते.) या गणातील वर्णन झालेल्या जातींची संख्या दीड लाखाहून अधिक असून त्यांपैकी सुमारे २०,००० जाती मधमाशीकुळातल्या आहेत, आणि त्या २०,०००पैकी खरोखर मधाची पोळी बांधणाऱ्या जाती अगदी थोड्या आहेत. लाकडात गोल भोक पाडून राहणारा काळानिळा भुंगा आणि गुलाबाच्या पानाचे गोल तुकडे कातरून नेणारी माशी हेही याच कुळातले कीटक. त्यांच्यातील प्रत्येक मादी आपले घर एकटीच सांभाळते आणि मध साठवण्याच्या भानगडीत पडत नाही.

सुमारे १२ कोटी वर्षांपूर्वी, क्रिटेशियस नावाच्या कालखंडात, पृथ्वीवर डायनोसॉर वावरत असताना आणि फुले येणाऱ्या वनस्पती नुकत्याच पसरू लागल्या असताना, शिकार करणाऱ्या गांधीलमाश्यांच्या एका शाखेने आपल्या अळ्यांना कीटकांऐवजी पराग देण्यास सुरुवात केली. परागात प्रथिने भरपूर असतात, तो पळून जात नाही आणि प्रतिकारही करत नाही. शिवाय प्रौढ गांधीलमाश्या आपल्या स्वतःच्या भुकेसाठी मकरंद प्यायला फुलांवर आधीपासूनच जात होत्या, त्यामुळे फुलावरच्या शिकारीबरोबर तिच्या अंगाला चिकटलेला परागही घरट्यात येऊ लागला असावा आणि पुढे शिकार गळून पराग तेवढा उरला असावा, असा एक तर्क मांडला जातो. म्हणून मधमाशी आणि गांधीलमाशी या दोन वेगळ्या घराण्यांतल्या माश्या नव्हेत. मधमाशी ही गांधीलमाशीच्याच वंशातली, शाकाहारी झालेली शाखा आहे.

या बदललेल्या आहाराची खूण मधमाशीच्या अंगावर दिसते. तिच्या केसांना सूक्ष्मदर्शकाखाली पिसासारख्या बारीक फांद्या दिसतात आणि या फांद्यांत परागकण अडकून राहतात. उडताना तिच्या शरीरावर जो अल्पसा विद्युतभार जमतो त्यानेही परागकण तिच्याकडे ओढले जातात. ती पायांनी अंग विंचरते, पराग मकरंदात किंचित भिजवते आणि मागच्या पायांवरील खोलगट जागेत, जिला परागटोपली म्हणतात, त्याची गोळी बसवते. फुलांवरून परतणाऱ्या कामकरी मधमाशीच्या पायांवर पिवळ्या किंवा केशरी गोळ्या दिसतात त्या याच. गांधीलमाशीला असला भार वाहायचा नसल्यामुळे तिचे केस विरळ व साधे असतात, अंग चकचकीत असते आणि लांब पाय उडताना अनेकदा खाली लोंबत राहतात. कागदाची पोळी करणाऱ्या गांधीलमाश्यांना ओळखण्याच्या आणखी दोन खुणा आहेत, ज्या रंगापेक्षा अधिक भरवशाच्या आहेत: त्या बसल्या की पंख लांबीच्या दिशेने दुमडून अरुंद पट्टीएवढे करतात, आणि त्यांच्या डोळ्यांना आतल्या बाजूने खाच असते. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांवर विसंबणे मात्र धोक्याचे, कारण फुलांवर एका जागी तरंगणाऱ्या कित्येक निरुपद्रवी माश्यांनीही शत्रूला फसवण्यासाठी हाच वेश घेतलेला असतो. त्यांना पंखांची एकच जोडी असते, परंतु तेवढे मोजून पाहण्याइतका धीर पक्ष्यांना नसतो आणि माणसांना त्याहून नसतो.

गांधीलमाशीची बारीक कमर ही केवळ शोभा नाही. पोट हवे तसे वाकवून नांगीचे टोक भक्ष्याच्या नेमक्या ठिकाणी टेकवता यावे, ही तिची सोय आहे. मधमाशीलाही ही कमर वारशाने मिळालेली असते, पण तिच्या केसाळ आणि जाडसर अंगात ती सहज दिसत नाही. या कमरेचा एक परिणाम मोठा गमतीचा आहे. इतक्या अरुंद वाटेतून घन अन्न पोटात उतरत नाही, त्यामुळे समूहाने राहणारी प्रौढ गांधीलमाशी अळीसारखे भक्ष्य पकडते, जबड्यांनी त्याचा लगदा करते, परंतु त्यातला रस तेवढा स्वतः घेऊन लगदा आपल्या अळ्यांना भरवते. अळ्या त्याच्या बदल्यात तोंडातून गोडसर, पौष्टिक द्रव देतात आणि प्रौढ माश्या तो चाटतात. येथे मोठी लहानांना पोसतात तशी लहानही मोठ्यांना पोसतात.

मांस आणि मकरंद यांतला खरा फरक साठवणीच्या वेळी जाणवतो, कारण मांस नासते आणि मकरंद, योग्य संस्कार केल्यास, वर्षानुवर्षे टिकतो. फुलातून आणलेल्या मकरंदात पाण्याचा अंश पुष्कळ, बहुधा निम्म्याहून जास्त, असतो; कामकरी माश्या तो एकमेकींच्या तोंडांतून फिरवतात, त्यात पाचकरस मिसळून साखरेचे रूप बदलतात आणि पंखांनी वारा घालून पाणी उडवतात, आणि ते प्रमाण २० टक्क्यांच्या खाली आले म्हणजे कोठडीला मेणाचे झाकण घालतात. इतक्या दाट, आम्लधर्मी द्रवात जीवाणूंची वाढ होत नाही. हा साठा असल्यामुळेच पावसाळ्यात किंवा फुलांच्या टंचाईच्या दिवसांत वसाहत तग धरते. महाराष्ट्रात डोंगरकड्यांवर आणि उंच झाडांवर एकच भलेमोठे उघडे पोळे बांधणारी आग्या, झाडांच्या ढोलीत समांतर पोळ्यांची रांग लावणारी सातेरी आणि झुडपाच्या फांदीवर तळहाताएवढे पोळे करणारी फुलोरी या तीन मधमाश्या मूळच्या आहेत. पेटीत पाळता येते ती सातेरी, आणि तिच्या जोडीला बाहेरून आणलेली युरोपीय मधमाशी. पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून या विषयात काम करीत आहे, आणि महाबळेश्वरजवळचे मांघर २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले, त्यामागे सातेरीच्या पेट्यांची अशीच जुनी परंपरा आहे.

पातळ मध सांभाळायचा तर भांडे गळणारे असून चालत नाही, आणि मधमाशीने मेण का निवडले त्याचे उत्तर येथे मिळते. कामकरी माशीच्या पोटाखालील चार जोड्या ग्रंथींतून मेणाचे पापुद्रे पाझरतात. ती ते चावून मऊ करते आणि त्यांतून षटकोनी कोठड्या उभारते. पोळे उभे लोंबते, कोठड्या त्याच्या दोन्ही बाजूंना असतात आणि मध ओघळू नये म्हणून त्यांची तोंडे किंचित वर उचललेली असतात. हे साहित्य महाग आहे, कारण एक किलो मेण करण्यासाठी माश्यांना कित्येक किलो मध खर्ची घालावा लागतो. गांधीलमाशीला मध साठवायचा नसतो, कोठडी फक्त अळीपुरती हवी असते, आणि तेवढ्यासाठी कागद पुरतो. जुन्या कुंपणाचे, वाळक्या फांदीचे किंवा ऊन-पावसाने विटलेल्या दाराचे तंतू ती जबड्याने खरवडते, लाळेत मळते आणि करड्या कागदाच्या पातळ पट्ट्या लावत जाते. तिच्याही कोठड्या षटकोनीच असतात, परंतु सामान्यतः एकाच बाजूला आणि खाली तोंड करून, त्यामुळे अळ्या उलट्या टांगलेल्या राहतात. वळचणीखाली दिसणारे छोटे पोळे एका बारीक देठावर लटकते आणि त्या देठाला मुंग्यांना नकोसा वाटणारा द्रव फासलेला असतो. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ रेने आंत्वान फर्शो द रेओम्यूर याने १७१९ मध्ये गांधीलमाश्यांचे हे काम पाहून लाकडापासूनही कागद करता येईल असे सुचवले होते. त्या काळी युरोपात कागद चिंध्यांपासून होत असे आणि लाकडाच्या लगद्याचा कागद सर्रास होण्यास पुढे शतकाहून अधिक काळ जावा लागला.

मांस नासण्याच्या अडचणीवर एकट्या राहणाऱ्या गांधीलमाश्यांनी काढलेला तोडगा मात्र अधिक चतुर आणि, माणसाच्या नजरेने पाहिल्यास, बराच क्रूर आहे. त्या भक्ष्याला मारत नाहीत. नेमका डंख मारून लुळे करतात, म्हणजे ते जिवंत, अर्थात ताजे, राहते. खिडकीच्या चौकटीत, भिंतीच्या कोपऱ्यात किंवा पुस्तकांच्या कपाटामागे मातीचे घर बांधणारी कुंभारीण जातीप्रमाणे कोळी किंवा सुरवंट आणून त्यात भरते, अंडे घालते आणि तोंड लिंपून निघून जाते. काही दिवसांनी ते फोडून नवी कुंभारीण बाहेर येते. आत सुरवंट जाताना आणि कुंभारीण बाहेर येताना पाहणाऱ्या जुन्या लोकांनी त्याचा अर्थ असा लावला की कुंभारणीच्या धास्तीने आणि अखंड ध्यासाने सुरवंटच कुंभारीण झाला. भ्रमर-कीटक न्याय म्हणून हा दृष्टान्त प्रसिद्ध आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने सांगितलेल्या चोवीस गुरूंत मधमाशीही आहे आणि हा घर बांधणारा कीटकही आहे, आणि त्याच स्कंधावरील एकनाथी भागवतामुळे ही कल्पना मराठी घरांत रुजली. निरीक्षण अचूक होते, फक्त बंद भांड्यात काय घडते ते दिसत नव्हते: अंड्यातून निघालेली अळी सुरवंट खाऊन वाढते आणि कोषात जाते. याच जातकुळीतली, भारतातही आढळणारी, चकाकत्या हिरव्या रंगाची एक गांधीलमाशी झुरळाच्या छातीत आणि मग थेट मेंदूत डंख मारते. झुरळ लुळे पडत नाही, परंतु स्वतःहून चालण्याची त्याची इच्छा नाहीशी होते, आणि माशी त्याची मिशी धरून त्याला पायी पायी आपल्या बिळात नेते.

नांगीचे मूळ येथे ध्यानात येते. नांगी म्हणजे अंडी घालण्याच्या नळीचे बदललेले रूप आहे, म्हणून डंख फक्त मादीच मारू शकते. नर मधमाशी किंवा नर गांधीलमाशी कितीही गुणगुणली तरी तिच्याजवळ डंखाचे साधनच नसते. समूहाने राहणाऱ्या गांधीलमाश्या भक्ष्य बहुधा जबड्यांनीच मारतात आणि नांगी घरट्याच्या रक्षणासाठी राखतात, परंतु ती जवळपास गुळगुळीत असल्यामुळे टोचून परत काढता येते. कामकरी मधमाशीच्या नांगीला उलटे काटे असतात आणि माणसाच्या लवचीक कातडीत ते अडकतात. माशी उडू लागताच नांगी, विषाची पिशवी आणि तिला चालवणारे स्नायू तुटून मागे राहतात व माशी मरते. दुसऱ्या कीटकाला मारलेला डंख मात्र तिला बहुधा सोडवून घेता येतो. हा आत्मघात निरर्थक नाही: मधाने भरलेले पोळे अस्वलासारख्या मोठ्या प्राण्यांना खेचून आणते, आणि मागे राहिलेली नांगी विष टोचत राहते, शिवाय पिकलेल्या केळ्यासारखा वास सोडून इतर माश्यांना त्याच जागी बोलावते. आग्यामोहोळ उठले असता पहिल्या डंखानंतर माश्या का वाढत जातात याचे हे एक कारण आहे. म्हणूनच मधमाशीची रुतलेली नांगी शक्य तितक्या लवकर, नखाने खरवडून का होईना, काढणे आणि त्या जागेपासून दूर जाणे महत्त्वाचे ठरते. मधमाशीचे विष आम्लधर्मी म्हणून त्यावर सोडा आणि गांधीलमाशीचे अल्कधर्मी म्हणून त्यावर व्हिनेगर, हा उपाय अजूनही सांगितला जातो, परंतु दोन्ही विषे म्हणजे अनेक प्रथिनांची मिश्रणे असतात आणि ती कातडीच्या आत गेलेली असल्यामुळे वरून लावलेल्या सोड्याचा त्यांच्यावर परिणाम होत नाही. डंखानंतर चेहरा किंवा घसा सुजला, अंगभर गांधी उठल्या किंवा श्वास घेताना त्रास होऊ लागला तर ते विषाच्या अतिसंवेदनशीलतेचे लक्षण असते आणि अशा वेळी तत्काळ रुग्णालय गाठावे लागते.

एका वंशातल्या असूनही या दोघींत वैर आहे, कारण मोठ्या गांधीलमाश्यांच्या दृष्टीने मधमाशीचे पोळे म्हणजे मांसाचा साठाच असतो. अशी गांधीलमाशी जवळ आली की आग्या माश्या ओळीने पोटे वर उचलतात आणि उघड्या पोळ्यावरून एक झरझरती लाट सरकत जाते, जिने शत्रू बिचकतो. सातेरीच्या जातभाईंनी जपानमध्ये याहून धाडसी युक्ती साधली आहे: शेकडो माश्या शत्रूला घेरून त्याच्याभोवती गोळा करतात, उडण्याचे स्नायू थरथरवतात आणि आतले तापमान ४६ अंश सेल्सियसच्या आसपास नेतात, तेवढी उष्णता मधमाश्या सोसतात आणि गांधीलमाशी मरते. काही गांधीलमाश्या दुसऱ्या गांधीलमाश्यांच्याच अळ्या पळवतात, त्यामुळे हे वैर जातीपुरते नाही.

समाजरचनेतही आहाराची छाया दिसते. फुलांनी बहरलेले झाड जागचे हलत नाही, म्हणून त्याचा पत्ता बहिणींना सांगण्यात अर्थ असतो. मधमाशी पोळ्यावर नाचून दिशा आणि अंतर कळवते हे कार्ल फॉन फ्रिश यांनी उलगडले आणि १९७३ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. सरपटून दुसरीकडे जाणाऱ्या सुरवंटाचा पत्ता देऊन उपयोग नाही, आणि गांधीलमाश्यांत असा नाच आढळत नाही. गांधीलमाश्यांच्या समाजावरचे महत्त्वाचे संशोधन भारतातच झाले आहे. राघवेंद्र गदगकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत, दक्षिण भारतात सर्वत्र आढळणाऱ्या रोपालिडिया मार्जिनाटा या साध्या तपकिरी गांधीलमाशीचा अनेक दशके अभ्यास केला. तिच्यात राणी आणि कामकरी दिसायला सारख्याच असतात आणि राणी इतकी सौम्य असते की वागण्यावरून ती कोण हे ओळखता येत नाही. परंतु राणीला पोळ्यावरून दूर केले की काही मिनिटांतच एक कामकरी कमालीची आक्रमक होते, आणि राणी परतली नाही तर सुमारे आठवड्याभरात स्वतः अंडी घालू लागते. मधमाशीच्या पोळ्यात राणी घडते ती अळीपणी मिळालेल्या खास अन्नाने. येथे मात्र आज कामावर जाणारी उद्या राणी होऊ शकते.

मधमाशी उपयोगी आणि गांधीलमाशी उपद्रवी ही वाटणी पक्षपाती आहे. उंबराला फूल येत नाही असे म्हटले जाते, पण फुले असतात ती फळासारख्या दिसणाऱ्या गोळ्याच्या आत, आणि त्यांच्यापर्यंत पोहोचते ती फक्त दोन-तीन मिलिमीटर लांबीची एक गांधीलमाशी. अरुंद तोंडातून आत शिरताना तिचे पंख तुटतात, आत ती परागण करते, अंडी घालते आणि मरते. वड आणि पिंपळ यांनाही अशाच आपापल्या माश्या आहेत. उसाच्या शेतात लावली जाणारी ट्रायकोकार्डे म्हणजे ट्रायकोग्रामा या एक मिलिमीटरहूनही लहान गांधीलमाशीचे वाहन असते. ती खोडकिडीच्या अंड्यांतच आपली अंडी घालते आणि कीड जन्मण्यापूर्वीच संपते. पपईवरील पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोईम्बतूरला आढळला आणि झपाट्याने पसरला, तेव्हा त्याला आवर घातला तो २०१० मध्ये बाहेरून आणून सोडलेल्या असेरोफॅगस पपाई या नखावर मावणाऱ्या गांधीलमाशीने.

आहाराच्या सूत्राला अपवाद आहेत, आणि ते दोन्ही बाजूंना आहेत. अमेरिका खंडाच्या उष्ण भागात डंखरहित मधमाश्यांच्या काही जाती पुन्हा मांसाकडे वळल्या असून त्या मेलेल्या प्राण्यांवर जगतात. त्यांच्या पायांवरील परागटोपल्या जवळपास नाहीशा झाल्या आहेत. उलट गांधीलमाश्यांच्या एका उपकुळातील माद्या मधमाशीप्रमाणे अळ्यांना पराग आणि मकरंद देतात, परंतु पराग अंगावरच्या केसांत न वाहता गिळून पोटातल्या पिशवीतून नेतात. पहिलीला तरीही मधमाशी आणि दुसरीला गांधीलमाशीच म्हणतात, कारण कीटकशास्त्रज्ञ नाव देताना आजचे जेवण नव्हे तर वंशावळ पाहतात.